कंचेभागुबेव पाठ आहे, तरी २० − ८ + ५ चं उत्तर ७ का येतं?

पाटीपेन्सिल | मंगळवार, २१:४०

आमच्या सोसायटीतल्या पाचवी ते आठवीच्या काही मुलांना मी संध्याकाळी गणित शिकवते. त्यातल्या सहावीच्या एका मुलीने परवा पदावली अशी सोडवली:

२० − ८ + ५ = २० − १३ = ७

उत्तर १७ आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "कंचेभागुबेवमध्ये बे आधी येतो ना? म्हणून मी बेरीज आधी केली." तिच्या तर्कात काहीच खोट नाही. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम आपणच पाठ करून घेतो आणि तिने तो तंतोतंत पाळला. मी तिला "बेरीज-वजाबाकी डावीकडून उजवीकडे करत जायची" असं सांगितलं. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. आधी एक नियम द्यायचा आणि तो नीट पाळला की दुसरा पुढे करायचा, हे मुलांना अन्यायाचं वाटतं, आणि ते बरोबर आहे.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. अंकगणितात आणि बीजगणिताच्या सुरुवातीला आपण मुलांना दोन तऱ्हेच्या गोष्टी एकाच आवाजात सांगतो. काही गोष्टी माणसांनी आपापसांत ठरवल्यात: कोणतं चिन्ह, कोणता क्रम, कंस कुठे. काही कुणीच ठरवलेल्या नाहीत, त्या तशाच आहेत: ३ × ५ आणि ५ × ३ सारखेच. मुलांना दोन्ही "नियम" म्हणूनच कळतात. मग सगळं गणितच कुणीतरी वरून लादलेलं वाटू लागतं.

तुम्ही हे कसं शिकवता? कंचेभागुबेव टाकून द्यावं का?

शून्यापासून | मंगळवार, २२:०५

टाकू नका ताई. मी क्लासमध्ये फळ्यावर चार घरं काढतो: कं | चे | भागु | बेव. भागाकार-गुणाकार एका घरात, बेरीज-वजाबाकी एका घरात. एका घरातल्यांचा मान सारखा, त्यात डावीकडे जो असेल तो आधी. घरं दिसली की मुलं चुकत नाहीत.

अर्धविराम | मंगळवार, २३:१२

घरांची कल्पना चांगली आहे. त्यात एक गंमतशीर बाब आहे, ती सहसा कुणी सांगत नाही.

समजा एखाद्या मुलाने ही घरं पाहिलीच नाहीत आणि कंचेभागुबेव अक्षरशः पाळलं, म्हणजे भागाकार नेहमी गुणाकाराच्या आधी. तो कुठे चुकेल? कुठेच नाही. २४ ÷ ४ × ३ मध्ये भागाकार डावीकडेच आहे, उत्तर १८. ६ × ४ ÷ २ मध्ये त्याने आधी ४ ÷ २ केलं तर ६ × २ = १२; डावीकडून गेलात तर २४ ÷ २ = १२. फरक पडत नाही, कारण गुणून भागा की भागून गुणा, एकच.

आता बेव. बेरीज नेहमी आधी केली की ताईंच्या विद्यार्थिनीसारखं होतं, कारण २० − ८ + ५ मधले ८ आणि ५ एकत्र केले की ५ सुद्धा वजा होतात. पण वजाबाकी नेहमी आधी केली असती तर? २० − ८ = १२, मग १२ + ५ = १७. बरोबर. ७ + ९ − ४ घ्या: आधी ९ − ४ = ५, मग ७ + ५ = १२. हेही बरोबर. लागोपाठ वजाबाक्या आल्या तर डावीकडून जायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं.

म्हणजे "भागु" हा क्रम शब्दशः पाळला तरी सुरक्षित आहे आणि "बेव" नाही. "वबे" असतं तर मूल चुकलं नसतं. इंग्रजी माध्यमात याच क्रमासाठी पाठ करून घेतात त्या बॉडमासचंही असंच. अमेरिकेत त्याऐवजी पेमडास शिकवतात, त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येत असल्याने तिथे दोन्ही जोड्या धोक्याच्या. तिथली मुलं २४ ÷ ४ × ३ चं उत्तर २ काढतात, ते यामुळेच.

घाटवाट | बुधवार, ०६:५०

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे, आता निवृत्त आहे. अर्धविराम यांनी दाखवलेल्या फरकाचं कारण मुलांपर्यंत पोचवता येतं, आणि ते सहावीतच पोचवावं. पूर्णांक संख्या त्याच सुमाराला शिकवायच्या असतात.

२० − ८ + ५ यात तीन पदं आहेत: +२०, −८, +५. चिन्ह ज्याच्या डावीकडे चिकटलेलं आहे त्याचंच. ही पदं कुठल्याही क्रमाने मिळवा. २० आणि ५ आधी मिळवून २५, त्यात −८, झाले १७. −८ आणि ५ आधी मिळवून −३, त्यात २०, तरी १७. त्या मुलीला सांगा की बेरीज आधी करायची तुझी इच्छा आहे ना, खुशाल कर, पण ८ ला त्याचं ऋण चिन्ह सोडून येऊ देऊ नकोस. मग डावीकडून उजवीकडे हा वेगळा नियम लक्षात ठेवायची गरजच उरत नाही.

आता पाटीपेन्सिल ताईंचा खरा प्रश्न. गुणाकार बेरजेच्या आधी करायचा, हे माणसांनी ठरवलेलं आहे. उद्या सगळ्या जगाने उलट ठरवलं, तर आज आपण २ + ३ × ४ असं लिहितो ते २ + (३ × ४) असं लिहावं लागेल, आणि उत्तर १४ च राहील. लिहिण्याची रीत बदलेल, संख्या बदलणार नाहीत.

मग हीच रीत का? मुलांसमोर दुकानाचं बिल मांडा. ४० रुपयांच्या ३ वह्या आणि १० रुपयांची २ पेनं: ३ × ४० + २ × १० = १४०. बहुतेक हिशेब याच आकाराचे असतात, आधी गट आणि मग गटांची बेरीज. आपली दशमान पद्धतही तशीच आहे: ३४७ म्हणजे ३ × १०० + ४ × १० + ७. क्रम उलटा असता तर यातल्या प्रत्येक गटाला कंस घालावा लागला असता, आणि पुढे बहुपदीत तर कंसांची रांगच लागली असती. हे कारण एकदा समजलं की मूल तो क्रम आपणहून जपतं.

नेकारकाठ | बुधवार, १३:२५

मी जर्मनीत राहते, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत जाते. इथे मुलांना लांबलचक शब्द पाठ करायला लावत नाहीत. तीन शब्दांचं एक वाक्य आहे: "पुंक्ट फोर श्ट्रिश", म्हणजे ठिपके आधी, रेघा नंतर. इथे गुणाकार एका ठिपक्याने लिहितात (३ · ४) आणि भागाकार दोन ठिपक्यांनी (१२ : ४). अधिक-उणेची चिन्हं रेघांची. त्यामुळे दोनच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर दोघे बरोबरीचे, हे चिन्हांकडे पाहूनच समजतं. बेरीज आधी की वजाबाकी आधी हा प्रश्न त्या वाक्यातून उभाच राहत नाही.

हे दोन्ही ठिपके रूढ करण्यात जर्मन गणितज्ञ लाइबनिट्सचा मोठा वाटा आहे. १६९८ साली योहान बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं की गुणाकाराची फुली आपल्याला आवडत नाही, तिचा अज्ञातासाठीच्या x या अक्षराशी घोटाळा होतो. भारतातून आजी व्हिडिओ कॉलवर उदाहरणं घालते तेव्हा मुलीला ÷ हे चिन्ह आधी समजावून सांगावं लागतं. साडेतीन इथे ३,५ असे लिहितात आणि हजाराचा ठिपका १.००० असा देतात. या सगळ्यामुळे एक झालं, चिन्हं म्हणजे त्या त्या ठिकाणची लिहिण्याची पद्धत आहे हे तिला आठव्या वर्षीच कळलं. दोन देशांत दोन चिन्हं पाहिलेल्या मुलाला ताईंचा फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

दहावीची_आई | बुधवार, १५:०२

मग ते २०१९ मध्ये सगळीकडे फिरलेलं ८ ÷ २(२ + २) हे कोडं? आमच्या घरात कुणी १६ म्हणतं, कुणी १. दोन वेगळ्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर दोन वेगळी उत्तरं आली. मुलाला काय सांगू?

अर्धविराम | बुधवार, २२:१८

मुलाला सांगा की ते नीट लिहिलेलं नाही. ही पळवाट नाही, खरंच असं उत्तर आहे.

भागाकार-गुणाकार एका पायरीवर धरून डावीकडून गेलं तर ८ ÷ २ = ४, ४ × ४ = १६. पण मधे चिन्ह न लिहिता चिकटवलेला गुणाकार अधिक घट्ट मानायची पद्धतही बीजगणितात सर्रास आहे. ६क्ष^३ ÷ २क्ष हे उदाहरण घ्या (घात दाखवायला ^ वापरतोय). प्रत्येक पुस्तकात याचं उत्तर ३क्ष^२ असतं. २ आणि क्ष सुटे धरून डावीकडून गेलात तर ३क्ष^३ × क्ष म्हणजे ३क्ष^४ येईल, आणि कुठलाही शिक्षक ते चूकच देईल. म्हणजे चिकटलेलं २क्ष आपण सगळेच एक वस्तू मानतो. त्याच सवयीने २(२ + २) ही एक वस्तू मानली की उत्तर १. फिजिकल रिव्ह्यू या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या लेखनसंकेतांतही तिरप्या रेघेच्या भागाकाराआधी गुणाकार धरतात. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांनीही यातली एकेक रीत निवडलेली असते, म्हणून उत्तरं वेगळी.

आपल्या कंचेभागुबेवमधला "चे" पाहा. १२ ÷ ८ चे १/२ म्हणजे आधी ८ चे १/२ = ४, मग १२ ÷ ४ = ३. त्याऐवजी १२ ÷ ८ × १/२ लिहिलं तर उत्तर ३/४. "चे" हासुद्धा गुणाकारच, पण तो दोन संख्यांना बांधून ठेवतो, म्हणून त्याला वेगळं घर दिलंय. न लिहिलेल्या गुणाकाराला तसं घर कुणीच दिलं नाही, सगळा वाद तिथून सुरू होतो. चिन्हांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण असलेलं आयएसओ ८००००-२ तर भागाकारासाठी ÷ वापरू नये असंच सांगतं. आडवी रेघ ओढून वर अंश, खाली छेद लिहा, शंका संपते. रेघ स्वतःच कंसाचं काम करते.

गिरणाकाठ | गुरुवार, १०:३३

चिन्हं ठरवलेली असतात हे मुलांना दाखवायचं तर ती नव्हती तेव्हा लोक कसे लिहीत हे दाखवावं. माझा हा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

पेशावरजवळ १८८१ साली बख्शाली गावात सापडलेलं भूर्जपत्रांचं हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात ऋण संख्या दाखवायला संख्येच्या नंतर अधिकासारखी फुली आहे! आपण ज्याला अधिक म्हणतो ते तिथे उणे. मुलांना हे एक उदाहरण दाखवा, चिन्ह आणि अर्थ यांचं नातं माणसांनी जोडलेलं आहे हे लगेच उमगतं. आजची + आणि − छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसतात ती लाइपझिगला, योहानेस विडमन यांच्या १४८९ च्या व्यापारी अंकगणितात. × ऑट्रेड यांच्या १६३१ च्या पुस्तकातलं, ÷ हे भागाकारासाठी रान यांच्या १६५९ च्या बीजगणितातलं. ही सगळी चिन्हं आपण मानतो त्यापेक्षा बरीच नवीन आहेत.

भास्कराचार्यांनी लीलावती आणि बीजगणित लिहिलं ते ११५० च्या सुमाराला. त्यात अज्ञात राशीला यावत्तावत्, म्हणजे "जितकं असेल तितकं", आणि लिहिताना नुसतं "या". दुसरं अज्ञात आलं तर कालक, तिसरं नीलक, मग पीतक, लोहितक. रंगांची नावं आणि त्यांची आद्याक्षरं का, नी, पी, लो. सुट्या संख्येला "रू". वर्गाला "व". ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. बरोबरचं चिन्ह नाही. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहायच्या. उदाहरणार्थ ५क्ष + ३ = २क्ष + १८ असं मांडलं जाई:

या ५ रू ३
या २ रू १८

मांडणी पाहूनच सुचतं: वरच्या "या" मधून खालचा "या" वजा करा, खालच्या "रू" मधून वरचा "रू" वजा करा. ३ या = १५, या = ५. मी हे सातवीच्या मुलांना दिलं होतं, न सांगता सोडवलं त्यांनी. नुसत्या लेखनपद्धतीमुळे विचार किती सोपा होतो ते यात दिसतं.

चाळीसगावजवळ पाटणला देवीच्या देवळात यादवकाळातला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेची एक सहल तरी तिथे जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

घाटवाट | गुरुवार, १९:४०

गिरणाकाठ, सुंदर माहिती. बरोबरच्या चिन्हाचा विषय निघालाच आहे तर तिथे थांबायला हवं, कारण माझ्या मते शाळेतलं सर्वांत उपेक्षित चिन्ह तेच.

रॉबर्ट रेकॉर्ड यांनी ते १५५७ साली आणलं. "अमुक तमुकाच्या बरोबर आहे" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिणं टाळायला त्यांनी दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चिन्हाचा अर्थ: डावीकडे आहे तेच उजवीकडे आहे.

आपल्या मुलांना मात्र त्याचा अर्थ "आता उत्तर लिहा" असा कळतो. पहिलीपासून डावीकडे क्रिया आणि उजवीकडे रिकामी चौकट, याखेरीज त्यांनी काही पाहिलेलंच नसतं. ८ + ४ = ▢ + ५ हे उदाहरण तिसरी-चौथीच्या वर्गात घालून पाहा. कित्येक मुलं चौकटीत १२ लिहितात, ७ नाही. मोठी मुलं सर्रास लिहितात: ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५. शेवटचं उत्तर हवं तेच येतं, पण ५ + ३ हे १५ च्या बरोबर आहे असं कागदावर राहतं. हा आळस वाटतो तेवढा किरकोळ नाही. आठवीत समीकरण आलं की याच मुलांना डावी बाजू आणि उजवी बाजू यांचा संबंध दिसत नाही.

मग पक्षांतर शिकवलं जातं: "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं." का बदलतं? क्ष + ७ = १२ मध्ये ७ कुठेही जात नाहीत. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले, डावीकडे क्ष उरला, उजवीकडे १२ − ७. माझी विनंती आहे की निदान पहिला महिनाभर मुलांना प्रत्येक पायरीला "दोन्ही बाजूंतून वजा", "दोन्ही बाजूंना भागलं" असं लिहायला लावा.

शून्यापासून | गुरुवार, २०:१५

सर, तत्त्व मान्य. पण दहावीच्या पेपरात वेळ मोजका असतो. तिथे पक्षांतर हाताला बसलेलं लागतं, नाहीतर हुशार मुलंही मागे पडतात.

घाटवाट | गुरुवार, २०:५२

दहावीत जरूर वापरावं. माझा आग्रह सातवी-आठवीपुरता आहे. ज्याला कारण माहीत आहे तो ३क्ष = १२ मध्ये "३ पलीकडे गेले, झाले −३" असं करत नाही. नुसतं पाठ केलेलं मूल नेमकं तेच करतं, कारण त्याने ऐकलेलं असतं की पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, २१:३०

किती मिळालं या चर्चेतून! काल पदांची गोष्ट सांगितली. "८ ला चिन्ह सोडून येऊ देऊ नकोस" हे त्या मुलीला फार आवडलं. तिने लगेच ५० − १२ − ८ + ३ तीन वेगळ्या क्रमांनी करून दाखवलं, तिन्ही वेळा ३३.

आता पुढचा प्रश्न तिचाच. ऋण गुणिले ऋण धन, हे ठरवलेलं की तसंच असलेलं? कर्ज आणि मित्रांच्या गोष्टी सांगून मला तिला फसवायचं नाही.

अर्धविराम | शुक्रवार, २२:४७

चिन्हं ठरवलेली, पण हा नियम आपल्या मर्जीने बदलता येत नाही. सहावीच्या मुलीला समजेल असं कारण आहे. तीन गोष्टी तिला आधीच मान्य आहेत: कशालाही शून्याने गुणलं की शून्य, संख्या आणि तिची विरुद्ध संख्या मिळून शून्य, आणि कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचं (वितरण). आता लिहा:

−३ × (४ + (−४))

कंसात शून्य आहे, म्हणून सगळं मिळून शून्य. तेच वितरणाने सोडवा: −३ × ४ म्हणजे −१२, अधिक −३ × (−४). ही बेरीज शून्य व्हायची तर −३ × (−४) हे +१२ असण्याखेरीज मार्गच नाही. कुणी हट्टाने −१२ धरलं तर बेरीज −२४ होईल आणि वितरणाचा गुणधर्म मोडेल. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन, ऋण आणि शून्य यांचे नियम लिहून ठेवले, त्यात हाही आहे. भास्कराचार्यांचं टिंब वेगळं, आपली रेघ वेगळी. पण १२ सगळ्यांचे धनच.

दहावीची_आई | शनिवार, ११:०५

यावरून मुलाने एक विचारलं. −३^२ किती? वहीत −९ बरोबर धरतात. एक्सेलमध्ये =-३^२ घातलं तर ९ येतात.

अर्धविराम | शनिवार, ११:४८

हा पुन्हा ठरवलेल्या गोष्टींचा प्रांत. गणितात आणि पायथॉनसारख्या संगणकाच्या भाषांत घात आधी, मग पुढची रेघ, म्हणून −९. एक्सेलमध्ये संख्येपुढची रेघ आधी धरायची असं ठरवलंय, म्हणून ९. मुलाला सांगा, (−३)^२ की −(३^२), जे म्हणायचंय त्याला कंस घाल. मग वहीत आणि एक्सेलमध्ये उत्तर एकच येईल.

घाटवाट | शनिवार, १८:२०

पाटीपेन्सिल ताई, त्या मुलीला माझ्याकडून एक प्रश्न द्या, घाई न करता सोडवू दे: −क्ष ही संख्या नेहमी ऋणच असते का? क्ष च्या जागी ५, ० आणि −५ ठेवून पाहायला सांगा. नववीत केवलमूल्याच्या व्याख्येत "क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष" असं येतं आणि अर्धा वर्ग तिथे अडतो. रेघ दिसली की ऋण, ही समजूत तिच्या डोक्यातून आत्ताच गेली तर ती तिथे अडणार नाही.